हातातली वीज : विद्युत्-हत्यारांचा इतिहास आणि ग्राहकाची पारख

खंडेनवमीच्या दिवशी आपल्या घराघरांतून हत्यारे धुऊनपुसून पाटावर मांडली जातात. कोयता, करवत, रंधा, पटाशी, गिरमिट, हातोडा, गुण्या, ओळंबा या सर्वांना गंधफूल वाहिले जाते आणि त्या दिवशी त्यांना विश्रांती मिळते. अलीकडे या पंगतीत एक नवा पाहुणा येऊन बसला आहे. तो म्हणजे विजेचे ड्रिल. पुष्कळ घरांत त्याच्या शेजारी विजेची करवत किंवा घासण्या-कापण्याचा ग्राइंडरही दिसतो. पूजा त्यांचीही होते. परंतु कोयत्याची धार अंगठ्याने पारखणारा गृहस्थ या नव्या पाहुण्याची पारख कशाने करतो, असा प्रश्न केला तर उत्तर बहुधा एकच मिळते : किंमत पाहून, किंवा डब्यावरचा मोठा आकडा पाहून.

ही पारख अपुरी आहे, आणि प्रसंगी जिवावर बेतणारीही आहे. चांगले हत्यार कोणते हे समजून घ्यावयाचे तर या हत्यारांचा इतिहास जाणला पाहिजे, असे आमचे मत आहे. हा इतिहास जेमतेम सव्वाशे-दीडशे वर्षांचा आहे. वरवर पाहता तो वाढत्या शक्तीचा इतिहास वाटतो. परंतु बारकाईने वाचल्यास दिसते ते निराळेच. शक्ती तर प्रारंभीच हाती आली होती. पुढील सारी धडपड झाली ती त्या शक्तीला हातात धरता यावे, आवरता यावे आणि इच्छेबरोबर थांबविता यावे, यासाठी.

जुन्या हत्यारांत हा प्रश्नच नव्हता. सुतार सामत्याने किंवा गिरमिटाने भोक पाडतो तेव्हा शक्ती त्याच्याच दंडाची असते. लाकडात गाठ लागली, पाते अडकले, की ते मनगटाला तत्क्षणी कळते आणि हात आपोआप थांबतो. शक्ती देणारा आणि शक्ती आवरणारा एकच असतो. यंत्र आले आणि या दोन गोष्टींची फारकत झाली. विजेच्या मोटारीला गाठ कळत नाही, बोट कळत नाही. तिला केवळ फिरणे कळते. तेव्हा आवरण्याचे काम माणसाने हत्यारातच कोठेतरी बसविणे भाग पडले.

आर्थर जेम्स आर्नॉट आणि विल्यम ब्लांच ब्रेन या दोघांनी ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरी १८८९ मध्ये विजेवर चालणाऱ्या ड्रिलचे पेटंट घेतले. त्यांच्यापुढे काम होते खडक फोडण्याचे व कोळसा काढण्याचे; खिशात किंवा हातात बाळगण्याचे ते यंत्र नव्हे. त्यानंतर सहा वर्षांनी, १८९५ मध्ये, जर्मनीतील स्टुटगार्ट येथील फाइन यांच्या कारखान्यात हातात धरण्याचे विद्युत्-ड्रिल प्रथम तयार झाले. या पेढीची स्थापना विल्हेल्म एमिल फाइन यांनी १८६७ मध्ये केली होती. हे ड्रिल हातातले खरे, पण दोन्ही हात गुंतविणारे आणि चांगलेच जड. काम यंत्राकडे न्यावे लागत होते, ते यंत्र कामाकडे नेता येऊ लागले, हीच त्याची थोरवी.

परंतु ड्रिल केवळ मोटारीने होत नाही. भोक पाडणारे पाते, ज्यास कारागीर बिट म्हणतात, ते मोटारीच्या दांड्याला घट्ट व मध्यावर धरणारा चक लागतो. अमेरिकेतील आर्थर जेकब्ज नावाच्या गृहस्थाची बोटे जुन्या पद्धतीचा चक आवळताना सोलवटली आणि त्या चिडीतून त्याने दातेरी किल्लीने आवळण्याचा नवा चक योजिला, अशी हकीकत सांगतात. त्याचे पेटंट १९०२ चे आहे. आज शंभरांवर वर्षे लोटली तरी किल्लीचा चक त्याच तत्त्वावर चालतो. सोललेल्या बोटांतून निघालेली ही युक्ती या सबंध इतिहासाचा नमुना समजावी. चांगल्या हत्यारावरील जवळजवळ प्रत्येक सोय ही कोणाच्या तरी जखमेचे उत्तर आहे.

पुढचा टप्पा बॉल्टिमोरचा. एस. डंकन ब्लॅक आणि अलोन्झो डेकर या दोन तरुणांनी १९१० मध्ये तेथे यंत्रांचे छोटे दुकान थाटले. भांडवलाचा आपला सहाशे डॉलरांचा वाटा उभारण्यासाठी ब्लॅक यांनी आपली मोटारगाडी विकली होती. या दोघांना १९१७ मध्ये ज्या हत्याराचे पेटंट मिळाले, त्याला पिस्तुलासारखी मूठ होती आणि मुठीत, तर्जनीखाली, पिस्तुलासारखाच चाप होता. चाप दाबला की वीज मिळे. बोट उचलले की तुटे. आतील मोटार एकदिश व प्रत्यावर्ती अशा दोन्ही तऱ्हेच्या विजेवर चालणारी होती, ही सोय त्या काळी फार मोलाची होती.

आम्ही या चापाला सर्वांत मोठे स्थान देतो. प्राण घेण्यासाठी निर्मिलेल्या शस्त्राची आकृती उसनी घेऊन तिचा अर्थच येथे उलटा केला गेला. पिस्तुलाचा चाप एकदा दाबला की सुटलेली गोळी परत येत नाही. ड्रिलचा चाप मात्र सोडताच काम थांबते. हत्यार सुरू राहण्यासाठी माणसाची संमती क्षणोक्षणी लागते; ती काढून घेतली की अधिकार संपला. कायद्याच्या अभ्यासकास यात मुखत्यारपत्राची आठवण झाल्यास नवल नाही. तेही, काही अपवाद सोडले तर, देणाऱ्याने रद्द करेपर्यंतच चालते.

करवतीची कथा आपल्या ऊसकरी प्रदेशाला जवळची वाटेल. एडमंड मिशेल याने अमेरिकेच्या दक्षिण भागात मजुरांना भल्या मोठ्या कोयत्यांनी ऊस तोडताना पाहिले आणि कोयत्याला मोटार जोडण्याची कल्पना त्याच्या डोक्यात आली. उसाचे काम बाजूला राहिले आणि त्या प्रयत्नातून १९२४ च्या सुमारास लाकूड कापणारी, हाती धरण्याची गोल करवत बाजारात आली. गोल पाते मिनिटाला हजारो फेरे घेते. तेव्हा त्याला झाकणारे कवच हवेच. आज चांगल्या करवतीचे खालचे कवच लाकडात शिरताना मागे सरते आणि पाते बाहेर येताच स्प्रिंगच्या जोराने आपसूक मिटते. हे कवच अडचणीचे म्हणून दोरीने बांधून ठेवणारे कारागीर आम्ही पाहिले आहेत. आपल्या बोटांच्या रक्षणार्थ केलेली तरतूद ते स्वतःच्या हाताने रद्द करीत असतात.

दगड व काँक्रीट यांसाठी फिरण्याबरोबर ठोकाही द्यावा लागतो. बॉश या जर्मन कारखान्याने १९३२ मध्ये असा फिरता हातोडा बाजारात आणला, आणि त्याच कारखान्याने १९७५ मध्ये एस्‌डीएस या नावाची खोबणीची पकड काढली. या पकडीत बिट किल्लीविना बसते आणि ठोका बसताना पुढेमागे सरकू शकते. या जातीच्या चांगल्या यंत्रांत आणखी एक सोय असते. भिंतीतील सळईत बिट अडकले तर आतील क्लच सुटतो आणि मोटारीचा झटका मनगटाला बसत नाही. सुताराच्या मनगटाला गाठ कळत असे; तीच जाणीव येथे यंत्रात पुन्हा बसविली आहे.

हे सारे कारखान्यातले झाले. ही हत्यारे गृहस्थाच्या घरी आली कशी, ही हकीकत मनोरंजक आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील विमानांच्या व शस्त्रांच्या कारखान्यांतून हातड्रिलांची मागणी सारखी येत राहिली, कारण असलेली ड्रिले नाहीशी होत होती. कामगार ती घरकामासाठी घरी नेत होते. कायद्याच्या नजरेला ही चोरी. परंतु ब्लॅक अँड डेकर यांच्या व्यापारी नजरेला त्यात एक सबंध बाजारपेठ दिसली. त्यांनी १९४६ मध्ये घरगुती उपयोगाची स्वस्त ड्रिले विक्रीस आणली. पुढे १९६१ मध्ये त्यांनीच तारेविना, बॅटरीवर चालणारे ड्रिल काढले. चंद्रावर नेण्यासाठी बिनतारी हत्यारांचा शोध लागला असा एक समज आहे. तो सनावळीने खोटा ठरतो. अपोलो १५ च्या वेळी, १९७१ मध्ये, डेव्हिड स्कॉट यांनी चंद्राच्या जमिनीत बॅटरीच्या ड्रिलने भोक पाडले हे खरे. पण त्यापूर्वी दहा वर्षे असे ड्रिल पृथ्वीवरील दुकानात आलेले होते. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. चंद्रावरही ते ड्रिल जमिनीत रुतून बसले आणि आत गेलेली नळी उपसून काढताना अंतराळवीरांची दमछाक झाली. कोट्यवधींचे हत्यार झाले तरी जमिनीचा स्वभाव आधी ओळखावा लागतो.

जपानमध्ये मोटारींची दुरुस्ती व विक्री करण्यासाठी १९१५ मध्ये नागोया येथे निघालेल्या माकिता यांच्या पेढीने १९५८ मध्ये विजेचा रंधा काढला आणि पुढे बॅटरीच्या हत्यारांत मोठे नाव मिळविले. लिथियम-आयन बॅटरी २००५ च्या सुमारास या हत्यारांत आली आणि बॅटरीचे हत्यार हे खेळणे राहिले नाही. आपल्याकडे मुलुंडच्या राल्लीवुल्फ कारखान्याच्या ड्रिलांवर कारागिरांच्या एका पिढीचे हात बसले.

यंत्राविषयीच्या संशयाची एक गोष्ट बेळगाव भागातील वाचकांना नव्याने सांगावयास नको. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले, पुढे कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर तयार केले आणि १९१० मध्ये औंध संस्थानच्या आश्रयाने किर्लोस्करवाडी वसविली. लोखंडाच्या फाळाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिले नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. ही समजूत चुकीची होती. परंतु तिच्यामागची वृत्ती, म्हणजे माझ्या जमिनीला यापासून अपाय तर नाही ना असे विचारून घेण्याची वृत्ती, आम्हांस चुकीची वाटत नाही. आजचा गृहस्थ ड्रिल घेताना असा एकही प्रश्न विचारत नाही. शेतकऱ्याने संशय अधिक घेतला. आपण तो मुळीच घेत नाही.

येथे कायदा काय म्हणतो ते पाहू. आपल्या देशातील मालविक्रीचा कायदा १९३० चा आहे. त्याच्या सोळाव्या कलमाचा प्रारंभ ग्राहकाला धडकी भरविणारा आहे : मालाच्या दर्जाविषयी किंवा एखाद्या कामास तो योग्य असण्याविषयी विक्रेत्याची गर्भित हमी नसते. ग्राहकाने स्वतः सावध असावे, हे ते जुने तत्त्व. मात्र त्याच कलमात अपवाद आहेत आणि ते फार महत्त्वाचे आहेत. ग्राहकाने आपले प्रयोजन विक्रेत्यास सांगितले, विक्रेत्याच्या जाणकारीवर तो विसंबला, आणि तसा माल पुरविणे हा विक्रेत्याचा धंदाच असला, तर माल त्या प्रयोजनास योग्य असलाच पाहिजे. परंतु ग्राहकाने एखाद्या नाममुद्रेचे नाव घेऊन तेच मागितले, तर विशिष्ट प्रयोजनाची ही हमी लागू होत नाही. तसेच, माल तपासून घेतला असेल तर तपासणीत जो दोष दिसावयास हवा होता, त्याविषयी मागाहून तक्रार चालत नाही.

यातून निघणारा व्यवहारी बोध साधा आहे. दुकानात जाऊन अमुक छापाचे ड्रिल द्या, एवढेच म्हणू नये. कोणत्या भिंतीत, किती जाडीचे, किती वेळा भोक पाडावयाचे आहे ते सांगावे आणि मग सल्ला घ्यावा. शक्य तर ते प्रयोजन बिलावर लिहून घ्यावे.

या जुन्या तत्त्वाची धार नंतरच्या कायद्यांनी पुष्कळ बोथट केली. भारतीय मानक संस्था १९४७ मध्ये निघाली, प्रमाणचिन्हांचा कायदा १९५२ मध्ये झाला आणि १९८७ पासून हे कार्य भारतीय मानक ब्यूरोकडे आले. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ चा. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २०२० च्या जुलैपासून अमलात आला. या नव्या कायद्याने उत्पादन-दायित्व हे स्वतंत्र प्रकरणच घातले आहे. सदोष मालाने इजा झाली तर उत्पादकाकडून, आणि काही प्रसंगी विक्रेत्याकडूनही, भरपाई मागता येते. तक्रार करण्यास सामान्यतः दोन वर्षांची मुदत आहे. धंद्यासाठी घेतलेल्या मालास हा कायदा लागत नाही. पण स्वतःच्या हातांनी पोट भरण्यासाठी हत्यार घेणारा सुतार किंवा वायरमन यातून वगळलेला नाही, हे आमच्या कारागीर बांधवांनी ध्यानी धरावे. मात्र या साऱ्याला आधार लागतो तो बिलाचा. बिलावाचून स्वस्त घेतलेले हत्यार बिघडले तर न्यायालयापुढे ठेवावयास तोंडच्या शब्दापलीकडे फारसे काही उरत नाही.

आणि भरपाई मिळाली तरी तुटलेले बोट परत येत नाही. म्हणून कायद्याआधी डोळ्यांचा उपयोग करावा. प्रत्येक हत्यारावर एक पाटी असते; ती वाचावी. तिच्यावर उत्पादकाचे नाव, व्होल्ट, वॉट आणि बिनभाराचे फेरे दिलेले असतात. आपली वीज २३० व्होल्टची आहे. परदेशातून आणलेले १२० व्होल्टचे हत्यार तिच्यावर लावल्यास ते जळते. वॉट हा आकडा हत्यार किती वीज खाते ते सांगतो. किती काम करते ते सांगत नाही. घरकामास दहा किंवा तेरा मिलिमीटरचा चक असलेले पाचसहाशे वॉटचे ड्रिल पुरते. बॅटरीच्या हत्यारांत तर आकड्यांचा खेळच चालतो. तेच पाच घट कोणी अठरा व्होल्ट म्हणून विकतो, तर कोणी पूर्ण भरलेल्या क्षणाचा आकडा धरून वीस व्होल्ट म्हणून विकतो. खरी तुलना करावयाची तर व्होल्टांना अँपिअर-तासांनी गुणावे. अठरा व्होल्ट व दोन अँपिअर-तास म्हणजे छत्तीस वॉट-तास. एवढाच तो शिधा. बॅटरी एका छापाची दुसऱ्या छापाला सहसा बसत नाही. म्हणून पहिले हत्यार घेताना आपण त्या छापाच्या बॅटरीशी दीर्घ नाते जोडीत आहोत, हे समजून असावे.

भिंतीचाही विचार हवा. गोव्यातील घरांच्या जांभ्या चिऱ्यात साधे फिरते ड्रिल बहुधा पुरते. जोराचा ठोका दिला तर चिरा भुगभुगतो आणि खुंटी सैल राहते. उलट बेळगाव किंवा इंदूरच्या काळ्या दगडात, तसेच कोठल्याही काँक्रीटच्या तुळईत, साधे ड्रिल रेटत बसणे म्हणजे मोटार जाळणे होय. तेथे फिरता हातोडाच पाहिजे. वर्षातून दोनदा लागणारे असे हत्यार प्रत्येक घराने विकत घेण्यापेक्षा वाड्याने किंवा देवस्थानाच्या समितीने एक चांगले घेऊन ठेवावे. पाच हलक्या हत्यारांपेक्षा एक भरवशाचे हत्यार स्वस्त पडते.

सर्वांत महत्त्वाची खूण मात्र लहान आहे : चौकोनात चौकोन. ही खूण दुहेरी निरोधनाची. अशा हत्यारात विजेचा भाग आणि आपला हात यांमध्ये संरक्षणाचे दोन थर असतात; एक निकामी झाला तरी दुसरा उभा असतो. ही खूण नसलेल्या, धातूच्या अंगाच्या हत्याराला तीन तारा व खरे अर्थिंग हवेच. प्लगाचा तिसरा काटा मोडून दोन काट्यांवर काम भागविणे हा आपल्याकडील नित्याचा प्रकार आहे. चवथ भाद्रपदात येते, म्हणजे ऐन पावसात. ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून माटोळीच्या आकड्यांसाठी तुळईत भोके पाडणारी, मखराच्या पट्ट्या कापणारी मुले आम्ही दरवर्षी पाहतो. त्या दिवसांपूर्वी घरच्या विजेच्या पेटीत तीस मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच बसविला आहे किंवा नाही, हे घरच्या वडीलधाऱ्यांनी एकदा पाहावे. त्याचा खर्च मखराच्या खर्चाहून जास्त होत नाही.

दुकानातच हत्यार चालवून पाहावे. चाप हळूहळू दाबला असता फेरे हळूहळू वाढतात का, बोट उचलताच वीज तुटते का, चक डगमगतो का, मुठीजवळ तार नीट आवळलेली आहे का, ग्राइंडरचे कवच हातोहात निघून येण्याइतके सैल तर नाही ना, हे पाहण्यास पाच मिनिटे पुरतात. ग्राइंडरच्या चकतीवर लिहिलेली फेऱ्यांची कमाल मर्यादा यंत्राच्या फेऱ्यांहून कमी असता कामा नये. नाहीतर चकती फुटते आणि तिचे तुकडे डोळ्यांचा वेध घेतात. कार्बनचे ब्रश आणि इतर सुटे भाग गावात मिळतील का, दुरुस्ती कोण करील, हेही विचारावे. प्रसिद्ध नावातील एखादे अक्षर बदलून विकला जाणारा माल ओळखण्यासाठी पाटीवरचे स्पेलिंग वाचण्याचा कंटाळा करू नये. आणि इतके करूनही मन साशंक राहिले, तर गावच्या मेस्ताला सोबत न्यावे. त्याचा हात दहा जाहिरातींहून अधिक सांगतो.

थोडक्यात, दुकानदार आपल्याला हत्याराची शक्ती दाखवीत असता आपण त्याचा आवर पाहावा : चाप, कवच, क्लच, निरोधन. ज्या हत्यारात हे चारही जेथे लागतात तेथे नीट आहेत, ते शक्तीने थोडे कमी असले तरी घरात आणावे. ज्यात नाहीत, ते कितीही स्वस्त असले तरी दुकानातच ठेवावे.